‘राहू दे राजा, ताई करेल’

भांडुपहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे फक्त मजकूर, तोही थोडा संक्षेपाने, येथे देत आहे.

“मी फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते, पती खासगी कंपनीत आहेत. आम्हाला दोन मुले आहेत. मुलगी दहा वर्षांची आहे आणि पाचवीत शिकते. मुलगा सहा वर्षांचा असून यंदा पहिलीत गेला. सासूबाई आमच्याकडेच असतात आणि खरे सांगायचे तर त्यांच्याच जिवावर मी नोकरी करू शकते. आम्ही मुलगा-मुलगी असा भेद कधीच केलेला नाही. शाळा एकच, खाऊ सारखा, दिवाळीच्या कपड्यांचा खर्चही सारखा. मुलगा गेल्या वर्षीपर्यंत रोज संध्याकाळी माझ्याशेजारी स्टुलावर उभा राहून त्याच्या छोट्या लाटण्याने पोळ्या लाटायचा. ते लाटणे सासूबाईंनीच त्याला आणून दिले होते. पहिलीत गेल्यापासून मात्र तो लाटण्याला हात लावत नाही. परवा रात्री त्याला जेवणाची ताटे घ्यायला सांगितले, तर म्हणाला, ‘ते मुलींचं काम आहे, मी नाही करणार.’ सासूबाई पटकन म्हणाल्या, ‘राहू दे राजा, ताई करेल,’ आणि मुलगी अभ्यासावरून उठून ताटे घेऊन आलीही. ती समजूतदार आहे, तिचा काहीच प्रश्न नाही. पण याच्या डोक्यात हे आले कुठून? पती म्हणतात, मुलगे असेच असतात, निसर्गच आहे तो. ते स्वतः मला घरकामात खूप मदत करतात, रविवारचे चिकन तेच करतात. सासूबाईंना काही बोलायला जावे तर घरातले वातावरण बिघडते. काय करावे? आणि ते छोटे लाटणे आता माळ्यावर टाकून द्यावे का?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमच्यासारखेच मलाही मुलाचे वाक्य टोचले. दुसऱ्या वाचनात मी पेन्सिलीने रेघ मारली ती दुसऱ्याच वाक्याखाली, आणि ते वाक्य ना तुमच्या मुलाचे आहे ना सासूबाईंचे. ते तुमचे स्वतःचे आहे. ‘ती समजूतदार आहे, तिचा काहीच प्रश्न नाही.’ त्याकडे मी थोड्या वेळाने येते. आधी तुम्ही जे विचारले आहे त्याविषयी.

सहा वर्षांच्या मुलाने ‘हे मुलींचं काम’ असे म्हणणे कानाला लागते तितके भयंकर नाही. मूल दोन-तीन वर्षांचे झाले की आपण मुलगा आहोत की मुलगी हे त्याला सांगता येते, पण ही गोष्ट कायमची आहे हे त्याला अजून उमगलेले नसते. केस वाढवले किंवा फ्रॉक घातला तर मुलाची मुलगी होईल, असे तीन-चार वर्षांच्या मुलाला खरोखर वाटू शकते. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये या समजुतीचा क्रम मांडला, आणि पुढच्या अभ्यासांत असे दिसत गेले की साधारण पाच ते सात या वयात मुले या बाबतीत सर्वांत कडक असतात. गल्लीत लगोरी चालू असेल तेव्हा जरा उभे राहून पाहा. नियमांवरून सर्वांत जास्त भांडतो तो कालपरवा खेळायला यायला लागलेला लहानगा. जुने खेळाडू एकमेकांना थोडी सूट देतात. तुमचा मुलगा असा नवा खेळाडू आहे. मुलगा असण्याचे नियम कोणते, हे तो घाईघाईने गोळा करतो आहे आणि चूक होऊन हसे होऊ नये म्हणून जरा जास्तच कसोशीने पाळतो आहे. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षानंतर हा कडकपणा बहुतेक मुलांत सैल होऊ लागतो. तो किती सैल होईल हे मात्र त्याला भोवताली काय पाहायला मिळते यावर अवलंबून असते, आणि तुमच्या प्रश्नाचा खरा भाग तो आहे.

हे नियम मुले गोळा कशी करतात, याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण सँड्रा बेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८१ मध्ये दिले. मोठी माणसे दिवसभर ज्या गोष्टीवरून जगाची वाटणी करताना दिसतात, त्याच गोष्टीवरून मूल आपल्या मनात कप्पे तयार करते आणि दिसेल ते त्या कप्प्यांत टाकत जाते. ही वाटणी शब्दांत सांगावी लागत नाही. आपल्या मराठीचेच पाहा. बंगाली बोलणाऱ्या मुलाला ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत निवड करावी लागत नाही. आपले मूल बोबडे बोलायला लागते तेव्हापासून प्रत्येक वाक्यात स्वतःची वाटणी सांगत असते. यात भाषेचा काही दोष आहे असे मी म्हणत नाही, पण लाडाच्या भाषेकडे जरा कान देऊन ऐकावे. आपण मुलीला ‘आला का माझा राजा’, ‘शहाणा गं माझा तो’ असे सहज म्हणतो आणि ती फुलते. मुलाला ‘आली का माझी राणी’ असे कोणी म्हणून बघावे. ‘मुलीला अगदी मुलासारखं वाढवलं’ हे वाक्य मी गेल्या पस्तीस वर्षांत पालकांकडून शेकडो वेळा ऐकले, प्रत्येक वेळी अभिमानाने सांगितलेले. ‘मुलाला मुलीसारखं वाढवलं’ असे सांगणारा एकही पालक माझ्यासमोर बसलेला नाही. मुलगी मुलासारखी झाली तर ती बढती, मुलगा मुलीसारखा झाला तर ती उतरण, हा हिशेब सहा वर्षांच्या मुलाला अचूक कळतो. लाटणे त्याने सोडले ते बहुधा या हिशेबाने. पहिलीच्या वर्गात त्याने कौतुकाने ‘मी पोळी लाटतो’ असे सांगितले असावे आणि कोणी तरी हसले असावे. हा माझा अंदाज आहे, पण हे वळण वर्गातल्या हसण्यापाशी आलेले मी इतक्या वेळा पाहिले आहे की पैज लावायला हरकत नाही.

पण वर्गातले हसणे फक्त ठिणगी टाकते. ‘माझे बाबा पण लाटतात’ हे उत्तर जिभेवर असते, तर तुमचा मुलगा ते तिथल्या तिथे देऊन मोकळा झाला असता. ते त्याच्याकडे नव्हते, कारण त्याने घरात मोजणी केली होती. माणसांचा दिवसभराचा वेळ कोणत्या कामात जातो, याची अशी मोजणी देशाने २०१९ मध्ये पहिल्यांदाच अखिल भारतीय पातळीवर केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय हे ९७ मिनिटांचे पुरुषसुद्धा शंभरातले जेमतेम सव्वीस, कारण उरलेल्यांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता. बायकांमध्ये असे काम करणाऱ्या शंभरात एक्याऐंशी होत्या. या पाहणीत सहा वर्षांवरील प्रत्येकाची मोजणी झाली होती. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता कुठे मोजणीत येण्याच्या वयाचा झाला आहे, आणि तुमच्या मुलीचा दिवस त्या हिशेबाने चार वर्षांपूर्वीच मोजायला घेता आला असता. तुमचा मुलगा ‘मुलींचं काम’ म्हणाला तेव्हा त्याने आकडेवारी सांगितली. तिला नियम समजणे ही त्याची चूक, पण निरीक्षणात त्याचे काही चुकलेले नाही.

आता तुमच्या पतींच्या निसर्गाविषयी. निसर्गाचा वाटा शून्य आहे असे मी म्हणणार नाही. गर्भात पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण काही कारणाने जास्त राहिलेल्या मुलींचा ओढा खेळण्यांच्या बाबतीत सरासरीने मुलांच्या आवडींकडे अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पण निसर्ग फार तर धावावेसे, चढावेसे, झटापट करावीशी वाटण्यापर्यंत पोहोचतो. पोळपाट कोणाचा हे तो ठरवत नाही. ठरवत असता, तर मुंबईची जेवणे कशी झाली असती? उडुप्याच्या भटारखान्यात डोसे घालणारा पुरुष, लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक करणारा आचारी पुरुष, स्टेशनबाहेर कढईपाशी उभा राहून वडे तळणारा पुरुष. तोच कणकेचा गोळा, तोच जाळ. पगार किंवा गल्ला आला की ते पुरुषांचे काम होते आणि घरच्या ओट्यावर ते बायकांचे होते. रोज हजारो डबे वाहणाऱ्या आपल्या डबेवाल्यांच्या खांद्यावर बहुतांशी बायकांनी केलेला स्वयंपाक असतो आणि वाहणारे जवळजवळ सगळे पुरुष असतात, यात संप्रेरकांचा काय संबंध असेल तो तुमच्या पतींनी सांगावा.

आणि आपण ‘निसर्ग’ म्हणून जे पाहतो, त्यातले कितीसे आपल्याच डोळ्यांत असते, याचा एक जुना प्रयोग आहे. १९७६ मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री या अभ्यासकांनी मोठ्या माणसांना एका बाळाची चित्रफीत दाखवली. डब्याचे झाकण उडून बाहुला अचानक बाहेर येतो आणि बाळ रडू लागते. बाळ एकच, फीत एकच. फक्त काहींना सांगितले की हा मुलगा आहे आणि काहींना सांगितले की ही मुलगी आहे. मुलगा समजून पाहणाऱ्यांना ते रडणे रागाचे वाटण्याकडे कल होता, मुलगी समजून पाहणाऱ्यांना भीतीचे. जे बाळ रागावले आहे असे वाटते त्याला आपण एका तऱ्हेने उचलतो आणि जे घाबरले आहे असे वाटते त्याला दुसऱ्या तऱ्हेने. असे दिवसातून वीसदा, वर्षानुवर्षे चालले की मूल आपल्या अपेक्षेसारखे वागू लागते, आणि मग आपण म्हणतो, बघा, निसर्गच आहे.

मी परळच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही आठ माणसे राहत होतो. रात्रीची जेवणे झाली की वडील आणि भाऊ वळकट्या काखेत मारून गॅलरीत झोपायला जात, उन्हाळ्यात थेट खाली फुटपाथवर. आई, आजी आणि आम्ही बहिणी आत. हे आम्हाला कोणी बसवून शिकवले नव्हते, जागेची अडचण शिकवत होती. पण त्यातून झाले असे की माझ्याहून तीन वर्षांनी धाकट्या भावाला दहाव्या वर्षी नाक्यावरचा इराणी, पेपरवाला, व्यायामशाळेतले दादा आणि गणपती मंडळाचे कार्यकर्ते नावाने हाक मारत, आणि मला ओळखत त्या नळावरच्या बायका. त्याला जग मिळाले, मला घर मिळाले. मला काय मिळाले नाही यावर मी पुष्कळ बोलले आहे, लिहिलेही आहे. त्याला काय मिळाले नाही हे मला फार उशिरा कळले. गेल्या वर्षी माझी भावजय गेली. तेरावे झाले, नातेवाईक पांगले, मुलगा परत बंगलोरला गेला, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. सहासष्ट वर्षांचा, दोनशे माणसांचा कारखाना सांभाळून निवृत्त झालेला माणूस अगदी हळू आवाजात विचारत होता, ‘ताई, भाताला पाणी किती घालायचं गं? आणि शिट्ट्या किती?’ मी सांगितले. थोडा वेळ डब्यांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, ‘तांदूळ कुठल्या डब्यात ठेवलेत तेच सापडत नाहीये.’

आता तुमच्या मुलीविषयी. त्या रात्री काय घडले ते तुम्ही फार नेमके लिहिले आहे, म्हणूनच ते मला दिसले. ‘राहू दे राजा, ताई करेल’ या वाक्यात सासूबाई नातवाशी बोलत आहेत. तुमच्या मुलीशी कोणीही बोललेले नाही, तिला कोणी काही सांगितलेले नाही, विचारलेले तर नाहीच. तरीही ती वहीवर पेन ठेवून उठली. ‘ताटे घेऊन आलीही’, असे तुम्ही लिहिता, आणि तो शेवटचा ‘ही’ मला फार बोलका वाटला. त्या ‘ही’मध्ये कौतुक आहे आणि सुटकाही आहे. दिवसभर बँकेत बसून, लोकलच्या गर्दीत उभे राहून आलेल्या बाईला ती सुटका किती हवीशी असते हे मला माहीत आहे, म्हणून हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही. पण दहा वर्षांची मुलगी, हाक न मारता, दुसऱ्याच्या वाट्याचे काम उचलायला अभ्यासावरून उठते, हा स्वभाव झाला की तो तिच्या अंगात मुरवला गेला, हे तपासून पाहायला हवे. ‘वळण लावणे’ हा वाक्प्रचार आपण मुख्यतः दोन ठिकाणी वापरतो, अक्षराच्या बाबतीत आणि मुलीच्या बाबतीत. ‘समजूतदार’ हे त्या वळणाचे शाबासकीपत्र असते. ते मिळत राहावे म्हणून मुलगी अंदाज घेत राहते की कोण दमले आहे, कोण चिडेल, आत्ता काय हवे आहे. तिचा अर्धा कान सदैव स्वयंपाकघराकडे असतो. त्याच वेळी धाकट्याचा पूर्ण कान त्याच्या खेळात असतो, कारण त्याला ‘राजा’ ही पदवी काहीही न करता मिळालेली आहे.

याचा अभ्यासाशी थेट संबंध आहे, केवळ पाच मिनिटे मोडली एवढ्यापुरता नव्हे. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘एक व्यक्ती फार फार हुशार आहे’ अशी गोष्ट सांगून, ती व्यक्ती चित्रांतली कोणती असेल, असे मुलांना विचारले होते. पाच वर्षांच्या मुलांनी आणि मुलींनी सारख्याच प्रमाणात आपापल्या बाजूची व्यक्ती निवडली. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र बाईचे चित्र निवडायला कचरू लागल्या, आणि ‘फार फार हुशार मुलांसाठी’ म्हणून सांगितलेल्या खेळात त्यांना कमी रस वाटू लागला. गंमत अशी की शाळेत चांगले गुण कोणाला मिळतात असे विचारल्यावर याच मुली मुलींकडे बोट दाखवत होत्या. म्हणजे गुण मेहनतीने मिळतात, ते आम्हाला मिळतील. हुशारी ही वेगळी चीज आहे, ती बहुधा त्यांची. तुम्ही मुलीला ‘समजूतदार’ म्हणता तेव्हा ‘हुशार’ किंवा ‘धीट’ किती वेळा म्हणता आणि मुलाला ‘समजूतदार’ किती वेळा म्हणता, ते आठवडाभर मनातल्या मनात मोजा. मला कळवले नाही तरी चालेल.

मग करायचे काय? मुलाला समोर बसवून समानतेवर प्रवचन देऊ नका. तो मान डोलावेल आणि त्याच संध्याकाळी ताई पुन्हा उठेल. पुढचे दोन-तीन आठवडे तुम्ही आधी मुलीला बसवून ठेवा. ती उठू लागली की ‘तू बस, तुझं गणित होऊ दे,’ एवढे मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणा. पहिले काही दिवस तिलाच चुकल्यासारखे वाटेल, कदाचित ती रागावेलही, कारण तिची मोठेपणाची जागा तुम्ही काढून घेत आहात असे तिला वाटू शकते. तिला वेगळे घेऊन सांगा की ताटे घेतल्याबद्दल तू आवडतेस असे नाही. संध्याकाळी ती खाली खेळायला जाते का, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. जात नसेल तर का जात नाही हे विचारा, आणि उत्तर ‘आजीला मदत करायची असते’ असे आले तर माझ्याकडे दुसरे पत्र पाठवण्याची गरज नाही, तुम्हाला सगळे कळलेले असेल.

ताटे मग कोण घेणार? येथे तुमच्या पतींची पाळी येते. ‘मला मदत करतात’ या शब्दांत काम तुमचे आणि हात त्यांचा असे होते, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. रविवारच्या चिकनचेही तसेच आहे. ते चविष्ट असेल, मला शंका नाही. पण आठवड्यातून एकदा, सर्वांना सांगून, कौतुकाच्या फोडणीसह होणारी गोष्ट मुलाच्या मोजणीत कामाच्या खात्यावर पडत नाही, सणाच्या खात्यावर पडते. नंतर ती कढई कोण घासते हेही पत्रात नाही. त्यांनी रोजचे, कंटाळवाणे आणि अख्खे एक काम घ्यावे. समजा, दोन्ही मुलांचे शाळेचे डबे. अख्खे म्हणजे आदल्या रात्री मटकी भिजत घालायची आठवण ठेवण्यापासून, डब्याच्या झाकणातले रबर काढून धुण्यापर्यंत, कोणाला गाजर चालत नाही आणि शाळेने कोणत्या वारी काय आणू नका म्हणून सांगितले आहे ते लक्षात ठेवण्यासह. पहिल्या पंधरवड्यात पोळ्यांचे नकाशे होतील आणि एखादा दिवस मुले ब्रेड घेऊन जातील. तेव्हा तुम्ही ओट्याकडे फिरकू नका, ही तुमच्या बाजूची अट. आणि ती पाळणे तुम्हाला वाटते त्याहून जड जाईल.

घरातल्या वाणीपेक्षा घरातले दृश्य अधिक शिकवते याचा मोठा पुरावा आपल्याच देशात आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत महिलांसाठी जागा राखीव झाल्या. पश्चिम बंगालमध्ये काही गावांत सलग दोनदा स्त्री ‘प्रधान’ (आपल्याकडची सरपंच) आली, काही गावांत एकदाही नाही. अभ्यासकांनी ४९५ गावांची तुलना करून २०१२ मध्ये जे मांडले ते असे की जिथे लोकांनी दोनदा बाईला प्रमुखाच्या खुर्चीत पाहिले, तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याकडून पालकांनी ठेवलेल्या अपेक्षांमधली दरी सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली होती, आणि मुली घरकामावर कमी वेळ घालवत होत्या. कोणी भाषण केले नव्हते. तुमच्या भांडुपवरून जाणाऱ्या मध्य रेल्वेवर सुरेखा यादव यांनी २००० साली लेडीज स्पेशल चालवली. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक त्या, मूळच्या साताऱ्याच्या. अशी उदाहरणे दोन्ही मुलांना जरूर सांगा. पण प्रधानबाई गावाला रोज दिसत होत्या आणि इंजिनाचा चालक डब्यातल्या प्रवाशाला दिसत नाही. सहा वर्षांचे मूल दिसणाऱ्यावरून नियम बनवते, आणि त्याला सर्वांत जास्त दिसते ते रात्री साडेआठला घरातले कोण उठते ते.

सासूबाईंशी तुम्ही बोलू नका. तुमच्या पतींना बोलू द्या. ‘राहू दे राजा’ हे वाक्य ज्यांना लहानपणी ऐकायला मिळाले त्यांनीच ते परत करायला हवे. तुम्ही बोललात तर तो सासू-सुनेचा विषय होईल आणि मुलगा बाजूलाच राहील. त्यांनी मुलांदेखत बोलू नये, आणि तक्रार म्हणून बोलू नये. ‘आई, लाटणं तूच त्याला दिलं होतंस, आता ताटं घ्यायलाही तूच शिकव, तुझंच तो ऐकतो,’ एवढे पुरे. यात खोटी स्तुती नाही. एवढ्याशा नातवाच्या हातात लाटणे देणारी आजी ही मुळीच जुनाट बाई नाही, आणि त्या रात्री त्या मधे पडल्या त्या बहुधा जेवायच्या वेळी रडारड नको म्हणून. पण एक गोष्ट मनाशी प्रांजळपणे पाहा. तुम्ही नोकरीला बाहेर पडलात तेव्हा तुमचे काम पतींकडे न जाता सासूबाईंकडे गेले. सासूबाई थकू लागल्या तसे ते त्यांच्याकडून तुमच्या मुलीकडे सरकू लागले आहे. बाईकडून बाईकडे, आणि प्रत्येक वेळी कोणी तरी ‘समजूतदार’ ठरते. ‘राहू दे’ हे वाक्य सासूबाईंच्या वाट्याला त्यांच्या आयुष्यात किती वेळा आले असेल, हेही त्यांना कधी विचारा, सहज, भाजी निवडताना.

शाळेविषयी थोडेसे. ‘कोण हसलं?’ हे मुलाला झोपताना, अंधारात, त्याच्याकडे न बघता विचारा. मुले तेव्हा सांगतात. कोण हसले ते कळले की त्या मुलाच्या घरी भांडायला जाऊ नका. वर्गशिक्षिकेला भेटा आणि पाहा की पाहुण्यांना फुले द्यायला नेहमी मुलीच आणि बाके उचलायला नेहमी मुलगेच बोलावले जातात का. बहुतेक शिक्षिकांच्या हे लक्षातही आलेले नसते आणि सांगितले तर त्या बदलतात. पाठ्यपुस्तक तुमच्या बाजूला आहे. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे मिळून भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. मुंबईतल्या पालिका शाळांमध्ये ‘कोरो’ ही संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांच्या सहभागाने २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींशी याच विषयावर खेळांतून, गटचर्चांतून बोलण्याचा उपक्रम चालला. हरियाणात सातवी-आठवीपासून सुमारे अडीच वर्षे वर्गात असे तास घेतले गेले, तेव्हा मुलांचे आणि मुलींचे विचार तर बदललेच, शिवाय मुलगे आपण घरकामात जास्त हात घालू लागल्याचे सांगू लागले. मुलींच्या वागण्यात तितका बदल दिसला नाही. मला त्याचे कारण उघड वाटते: मुलगा मनात आले की उठून भांडे घासू शकतो; मुलीने मनात आणून काय उपयोग, तिला बसू देणारे कोणी तरी लागते.

आणि लाटणे. ते माळ्यावर टाकू नका. त्याला ‘ये, लाट’ म्हणून बोलावूही नका, आणि आला तर टाळ्या वाजवू नका. पोळपाटाशेजारी जिथे होते तिथेच ते असू द्या आणि सकाळी डब्याच्या पोळ्या करायला तुमच्या पतींना त्याच ओट्यापाशी उभे राहू द्या. स्टूल मात्र मधे येत असेल तर थोडे बाजूला सरकवून ठेवा. अगदी उचलून आत नेऊ नका.